कबुलीची हौस

आमच्या भाऊजींना चूक कबूल करायची हौस होती. कोणाला पानाची असते, कोणाला पत्त्यांची असते, तशी. एकदा एसटीत खिडकीची काच सरकवताना तिची कडी निघून त्यांच्या हातात आली. दुसरा कोणी असता तर कडी सीटखाली टाकून पुढच्या थांब्यावर उतरून गेला असता. भाऊजींनी ती रुमालात बांधून घरी आणली, आगाराच्या साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला, 'सदरहू कडी माझ्या हातून तुटली आहे' असं त्यात स्पष्ट घातलं आणि अर्ज नि कडी स्वतः नेऊन दिली. आगारातल्या लोकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. हेच मला खुपायचं. चूक यांची, आणि चहाही यांनाच.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोऱ्या फुलस्केप कागदाची घडी आणि दोन पेनं कायम असायची. दुसरं पेन कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "साळेबुवा, पह्यलं नाही चाललं तर माणूस म्हणते, उद्या लिहू. चूक ताजी असते तवरच सांगाव. शिळी झाली का वास मारते."

ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दारव्हा तालुक्यात, यवतमाळ रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत त्यांचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन, हिवाळ्यात थोडा हरभरा. आमचं घर घाटंजीकडचं. शेती बाबांची, आणि घाटंजीत माझं लहानसं कृषी केंद्र. म्हणजे बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि पंप. मी हे सगळं नीट चालवलं. बाबांना कधी खाली पाहायला लावलं नाही. पण बाबांच्या तोंडून 'शाबास' हा शब्द मी ऐकला तो भाऊजींसाठीच.

त्याची सुरुवात ताईला पाहायला आले त्या दिवशीच झाली. पोह्याच्या बशा फिरल्या, मोठी माणसं बोलली, आणि मुलगा एकदम म्हणाला, "मले एक सांगायचं आहे. मले उजव्या कानानं कमी ऐकू येते. पोरीनं डाव्या अंगानं बोलाव. नाहीतर उद्या म्हणन, नवरा ऐकतच नाही." मध्यस्थाच्या हातातली बशी कलंडली. त्यांच्यासोबत आलेले काका तर त्यांच्याकडे असे पाहत होते की घरी गेल्यावर मारतील. बाबांनी मात्र मांडीवर थाप मारली. "पोरगी देल्ली," ते म्हणाले. मी तेव्हा अकरावीत होतो. गणितात नापास झाल्याचं मी महिनाभर दडवून ठेवलं होतं, आणि ते ज्या दिवशी उघडं पडलं त्या दिवशी मला बाबांचा पट्टा बसला होता. एकाला दोष सांगितल्यावर पोरगी मिळते नि एकाला पट्टा, हे गणितही मला तेव्हा सुटलं नाही.

बाजार समितीतही तेच. आडत्यासमोर ढीग ओतायच्या आधीच भाऊजी सांगायचे, "खालची चार पोती ओली लागतीन बरं. ताडपत्री फाटेल होती, माह्या ध्यानात नाही आलं." पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षापासून आडते त्यांच्या पोत्यात नमुना काढायची परखी खुपसेनात. "ह्यायचा माल तपासाचं काम नाही," म्हणायचे. माझ्या पोत्यांना मात्र वरून, खालून, मधून, तिन्हीकडून परखी. भाऊजी आता नाहीत. ते गेले तेव्हा दोन आडते दुकानं बंद करून मातीला आले होते. चितेजवळ उभा असताना, माझ्या मातीला बाजारातलं कोण येईल, ते मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. बेशरमपणा वाटेल, पण पाहिलं.

आता बंदुकीचं सांगतो.

बाबांकडे एकनळी बारा बोर होती. रानडुकरांपासून पीक राखायला तरुणपणी काढलेलं लायसन. लहानपणी दर दिवाळीला ती कपाटातून निघायची, तेल लागायचं, आणि मला नळीला फक्त एक बोट लावू द्यायचे. सत्तरी उलटल्यावर बाबांचे हात कापायला लागले. यवतमाळला कलेक्टर ऑफिसातून कळलं की वय झालं तर लायसन घरातल्या वारसाला देता येतं. मुलगा, मुलगी, सून, जावई, कोणीही चालतो. मी त्याच आठवड्यात फोटो काढून घेतले. आठ प्रती. फोटोवाल्यानं विचारलं, "कायले पाहिजे एवढे?" मी म्हणालो, "बंदुकीचं लायसन आहे."

बाबांनी अर्जात भाऊजींचं नाव घातलं.

मला ते जेवताना सांगितलं, भाकरी मोडता मोडता. "तिकडं रोह्या-डुकरायचा तरास जास्त हाये. आन् तुह्याकडं झटका मशीन हाये तारेवर. तुले कायले पाहिजे बंदूक?" मी "बरं" म्हणालो. ते फोटो पुढं रेशन कार्डाला, बँकेला, कशाकशाला वापरले तरी संपता संपले नाहीत. दर वेळी पाकीट उघडलं की तोच मी, बंदुकीसाठी तेल लावून भांग पाडलेला.

आणि ज्याला बंदूक मिळाली तो माणूस ती वापरेना. वर्षातून एखादा बार काढायचा, तोही हवेत. त्याआधी चारी धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधालगतच्या, शेजाऱ्यांकडे जाऊन सांगायचा, "आज बार काढून राह्यलो, लेकराबायायले भेवाचं काम नाही." लोक म्हणायचे, हे डुकरांनाही चिठ्ठी पाठवत असतील. रोही, म्हणजे नीलगायींचे कळप, हरभऱ्यात उभे राहून त्यांच्याकडे पाहायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "मारायचं नाही तर ठेवता कायले?" ते म्हणाले, "मामाजीनं सांभाळाले देल्ली. मारा असं कुठं म्हटलं त्यायनं?"

निवडणूक आली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागून सगळं आटोपलं की परत मिळतात. त्या वर्षीही भाऊजींनी ती जमा केली होती. परत आणायचा दिवस ठरला तेव्हा बाबांनी मला बोलावलं. "जवाई एकटा हाये. तू सोबत जाय. हत्याराचं काम हाये."

म्हणजे बापाची बंदूक, लायसन जावयाचं, आणि मी सोबतीला. हमाल म्हणा ना. मी गेलो.

डिसेंबरची सकाळ होती. दारव्ह्याच्या ठाण्यातून बंदूक ताब्यात घेतली, सही झाली. ती खुली घेऊन फिरणं भाऊजींना आवडत नसे. "लोकायले दाखवाची वस्तू नोहे," म्हणून त्यांनी घरून जुनी वाकळ आणली होती. नळी नि दस्ता वेगळा करून त्यांनी ती वाकळीत गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. काडतुसं त्यांच्या खांद्याच्या पिशवीत. बाजाराचा दिवस, काळी-पिवळी जीप गच्च भरलेली. मागच्या आडव्या बाकांवर आम्ही समोरासमोर. वाकळ त्यांच्या बाकाखाली आडवी. त्यांच्या शेजारी एक मजूर वाटणारा माणूस, मांडीवर नवाकोरा फवारणीचा पंप, अजून प्लास्टिकमध्ये. कंपनी कोणती ते मी धंद्याच्या सवयीनं पाहून घेतलं. माझ्या शेजारी एक म्हातारी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या घेऊन.

फाटा जवळ आला आणि एका कोंबडीची दोरी सुटली. मग काय विचारता! कोंबडी एकाच्या डोक्यावर, तिथून टपाला धडकली, तिथून पंपवाल्याच्या अंगावर. म्हातारी ओरडते, लोक हसतात, ड्रायव्हर समोरून म्हणतो, "उतरा लवकर, मांगून गाडी येऊन राह्यली!" भाऊजींनी कोंबडी दोन्ही हातांनी पकडली, छातीशी धरली आणि तशीच घेऊन खाली उतरले. म्हातारीला हात दिला. मी सगळ्यात शेवटी उतरलो.

उतरताना मी वळून पाहिलं. बाकाखाली वाकळीचं टोक दिसत होतं. भाऊजींची जागा रिकामी झाली होती, आणि पंपवाला पाय लांब करता यावेत म्हणून ती वाकळ टाचेनं आत ढकलत होता.

मी बोललो नाही.

विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. विसरलो नव्हतो. दार आपटलं, जीप हलली, धूर निघाला, आणि एवढा वेळ "थांबा" हा एक शब्द माझ्या तोंडात तयार होता. मनात काय होतं ते आजही स्वच्छ आठवतं. मनात होतं, आता सांगा बाबांना. जीप यवतमाळ स्टँडवर जाऊन थांबेल, तिथं बंदूक सापडेल, तासाभराची धावपळ होईल आणि बाबांच्या कानावर जाईल की तुमचा लाडका जावई बंदूक विसरून कोंबडी घेऊन उतरला. एवढंच मला पाहिजे होतं.

आम्ही गावाच्या वाटेला लागलो. शंभर-दीडशे पावलं गेल्यावर भाऊजींनी कोंबडी म्हातारीच्या हाती दिली. हात रिकामे झाले तसे ते थांबले आणि आपल्या तळव्यांकडे पाहू लागले.

"साळेबुवा, माह्या हातात काय होतं?"

"कोंबडी," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, पडतात आता.

गावातून मोटारसायकल घेतली ती पोलीस पाटलाची. मी चालवत होतो, ते मागं. यवतमाळच्या स्टँडवर तीच जीप मिळाली. बाकाखाली काही नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, वाटेत पाच-सहा ठिकाणी माणसं उतरली, कोणी काय नेलं ते कसं सांगू? गंमत तासाभराची राहिली नव्हती.

भाऊजींनी एका पानठेल्यावर उभं राहून पोलीस पाटलाला फोन केला, मोटारसायकल यायला उशीर होईल हे सांगायला, आणि ओघात खरं कारणही सांगून टाकलं. पाटील इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "भाऊ, हरवली म्हणू नोका! तुमचा निष्काळजीपणा दिसन. लायसन जाईन, वरून गुन्हा लागन. घरून चोरीले गेली म्हणा. मी येऊन पंचनामा करतो, कुलूप तोडून ठेवा."

"पण कुलूप तं साबूत हाये, पाटील," भाऊजी म्हणाले.

"म्हणून तं म्हणतो, तोडा म्हणून!"

"नाही जमायचं मले," भाऊजींनी सांगितलं. "कुलूप चांगलं हाये." आणि फोन ठेवला.

दिवस कलायच्या आत आम्ही परत दारव्ह्याच्या ठाण्यात होतो. भाऊजींनी बाकावर बसून मांडीवर कागद ठेवला आणि दोन पानं लिहिली. बंदुकीचा नंबर, लायसनचा नंबर, जीपमध्ये कुठून बसलो, कुठं उतरलो, आणि 'कोंबडी धरण्याच्या नादात सदरहू बंदूक मी स्वतः विसरलो'. ठाणेदार साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"सकाळीच तर सही करून नेली तुम्ही!"

"हो साहेब."

"आणि हे कोंबडीचं असंच नोंदवू मी?"

"झालं तसंच लिहिलं, साहेब. बंदुकीत काडतूस नव्हतं. काडतुसं हे पाहा, माह्याजवळ हायेत. पण ज्याच्या हाती पडली त्याले कुठून भेटलं तं? म्हणून लवकर आलो. माह्यावर काय करायचं ते मांगून करा, आधी नाक्यायले कळवा."

साहेबांनी काडतुसं मोजून घेतली. मग शिपायाला म्हणाले, "यांना खुर्ची दे. पाणी दे." आणि वायरलेसवर बोलायला उठले.

पुन्हा खुर्ची. मी भिंतीला टेकून उभाच.

माझा जबाब घेताना साहेबांनी विचारलं, "तुम्ही सोबत होतात. उतरताना बंदूक दिसली होती?"

"नाही," मी म्हणालो.

"शेजारी कोण बसलं होतं, काही आठवतं?"

"गर्दी होती साहेब."

भाऊजींनी लगेच मध्ये तोंड घातलं. "त्यायचा काही संबंध नाही, साहेब. ते बिचारे माह्यासाठी आपलं दुकान सोडून आले." मी सही केली. इंग्रजीत, लफ्फेदार.

बाबांना सांगायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. खोटं कशाला बोलू, एसटीत मी वाक्यं जुळवत गेलो. कोंबडीवर जोर द्यायचा, हे ठरवलं होतं. बाबा ओसरीत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "ठाण्यात सोताहून गेला?"

"हो."

"चोरीले गेली, असं नाही म्हटलं?"

"नाही."

"मंग ठीक हाये," बाबा म्हणाले, आणि माईला चहा टाकायला सांगितलं. एवढा राग मला उभ्या जन्मात आला नव्हता.

पण राग टिकला नाही, कारण त्याच्या खाली भीती होती. भाऊजी रोज सकाळी निघायचे. त्या रस्त्यावरच्या एकेका गावात, पारावर, पिठाच्या गिरणीवर, आठवडी बाजारात उभं राहून सांगायचे, "माही बंदूक हरवली. वाकळीत हाये. ज्याले सापडली त्यानं ठाण्यात नेऊन द्या, नाहीतर मले सांगा. मी चोर म्हणणार नाही." पोरं मागं लागायची. काही गावांत लोक हसायचे. ताईनं फोनवर सांगितलं, जेवण सोडल्यासारखंच आहे, अर्धी भाकरी कशीबशी. आणि इकडे दुकानात मी रोज वर्तमानपत्र उघडायचो ते आतल्या पानापासून, जिल्ह्याच्या बातम्यांपासून. फवारणीचा पंप घ्यायला कोणी आलं की आधी त्याचं तोंड पाहायचो. तो पंप, तो माणूस, त्याची ती टाच, हे या जगात मला एकट्याला माहीत होतं. सांगायचं तर 'वाकळ दिसली होती' हे आधी सांगावं लागणार होतं.

नवव्या दिवशी पेपरात आलं. मारेगावकडच्या एका खेड्यात शेतीच्या वादातून गोळी सुटली, एक माणूस दवाखान्यात आहे. बंदूक कोणाची ते समजलं नाही. मी ती बातमी वाचत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"साळेबुवा, वाचलं का? मी मारेगावले निघालो."

"भाऊजी, ती दुसरी असन. मारेगाव कुठं नि आपण कुठं."

"असन. पण आपली असली तं? तो माणूस मेला तं कोणाच्या नावावर?" मग म्हणाले, "मीच ना उतरलो कोंबडी घेऊन."

ते 'आपली' म्हणाले. माझी म्हणाले नाहीत.

मी दुकानाचं शटर ओढलं. फोनवरचं बोलणं ऐकत उभ्या बायकोनं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "दारव्ह्याले." मारेगाव पूर्वेला आणि दारव्हा पश्चिमेला. ती म्हणाली, "भाऊजी तं मारेगावले गेले ना?" मी चप्पल पायात सरकवली नि निघालो. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. एकदा तर उठून दारापर्यंत गेलोही, आणि पुन्हा येऊन बसलो.

ठाणेदार साहेब जेवून नुकतेच आले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की माझा जबाब खोटा आहे. वाकळ मला दिसली होती. मग त्या माणसाचं वर्णन, पंप कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, आणि त्या कंपनीचे पंप दारव्ह्यात कोणत्या दुकानात मिळतात तेही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"दिसली होती तर त्याच वेळी बोलले का नाही?"

साहेबांनी पेन पुन्हा उचललं.

"घाई होती? लक्षात आलं नाही? काय लिहू?"

"लिहा साहेब," मी म्हणालो, "भाऊजींचा हेवा वाटत होता म्हणून."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायानं खिडकीबाहेर. "अहो, एक माणूस नऊ दिवस वेड्यासारखा गावोगाव फिरून राहिला," साहेब म्हणाले. "काल इथं या बाकावर बसून रडला. तुम्हाला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. भाऊजी रडतात हे मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दुकानदाराला पंप नेणारा आठवला, कारण नळी गळते म्हणून तो तिसऱ्याच दिवशी बदलायला आला होता. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक आणली. त्या बिचाऱ्यानं वाकळ म्हणून उचलली होती. थंडीचे दिवस, घरात दोन लेकरं. घरी जाऊन सुतळी सोडली तर आत बंदूक. घाबरून त्यानं ती घरामागच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात खुपसली आणि त्या दिवसापासून लेकरांना ढिगाजवळ फिरकू दिलं नव्हतं. ठाण्यात नेली तर मारतील, ही भीती. मारेगावची बंदूक निघाली ठासणीची, नळीत दारू ठासून उडवायची, भलतीच. तो जखमी माणूसही पुढं बरा झाला.

भाऊजी ठाण्यात आले तेव्हा मी तिथं होतो. साहेबांनी त्यांना माझा नवा जबाब वाचायला दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, कागद घडी घालून परत केला, आणि पहिली गोष्ट कोणती केली तर त्या पंपवाल्यासाठी अर्ज लिहायला बसले. 'सदर इसमाने वाकळ नेली, बंदूक नेली नाही.' माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर माझ्यापुढं चार पावलं चालत राहिले. फाट्यावर उतरताना फक्त म्हणाले, "त्याच्या घरी लहान लेकरं हायेत." बस्स. मला शिव्या चालल्या असत्या.

पुढं लायसन रद्द झालं. सुनावणीत भाऊजींनी स्वतःची बाजू मांडलीच नाही, 'चूक माझी' एवढंच म्हणाले. पत्र आलं की बंदूक ठाण्यातच राहील. घरातला दुसरा कोणी लायसन काढत असेल तर त्यानं रीतसर अर्ज करावा, नाहीतर ती सरकारजमा होईल. ते पत्र घेऊन भाऊजी नि ताई आमच्याकडे आले. दुपारची जेवणं झाली होती. ओसरीत बाबा, माई, ताई, माझी बायको, सगळे. आणि भाऊजी म्हणाले, "मामाजी, साळेबुवाच्या नावानं अर्ज करा. त्यायचाच हक्क होता."

माझ्या जबाबाबद्दल त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. ताईलासुद्धा नाही. ते मला तिच्या चेहऱ्यावरून त्याच क्षणी कळलं, कारण ती माझ्याकडे पाहून हसत होती.

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. मी म्हणालो, "नको."

"काहून?" बाबांनी विचारलं.

मग मी सांगितलं. वाकळीचं टोक, टाच, तोंडात आलेला शब्द, नऊ दिवस, सगळं. माईनं पदर तोंडाला लावला. ताईचं हसू विझलं आणि ती उठून आत गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत, तेच वाईट होतं.

"म्हणूनच तुले नाही देल्ली," ते म्हणाले.

मी जमिनीकडे पाहत होतो. आणि तेवढ्यात भाऊजी उभे राहिले. आमच्या घरात जावई होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, त्या वीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

"मामाजी, असं बोलू नोका!"

बाबांनी दचकून मान वर केली.

"मी ठाण्यात गेलो त्यात काय केलं मी? विसरलो होतो, तं विसरलो म्हणून सांगतलं. कोणी बी सांगन. मले शाबास म्हणता तुम्ही त्यासाठी. ह्यानं जाणून केलं होतं. ह्याले कोणी पकडलं नव्हतं, कधीच पकडलं नसतं. तरी सोताच्या पायानं गेला, आन् साहेबासमोर काय लिहून आला ते मी वाचलं हाये. मले नसतं जमलं ते. तुमाले बी नसतं जमलं." त्यांचा श्वास फुलला होता. "मले राग हाये ह्याचा. अजून हाये. तो माहा मी पाहून घेईन. पण ह्याच्या बापानं असं बोलू नये."

बाबांनी काठी चाचपली, उठले, आणि माझ्याजवळून जाताना त्यांचा कापरा हात माझ्या खांद्यावर एकदा टेकला. आधाराला टेकला की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही.

बाबांसमोर मला जन्मात कधी उलट बोलता आलं नव्हतं. त्या दिवशी भाऊजी बोलले, तेही माझ्या बाजूनं, पोटात माझ्याबद्दल राग असताना. मी तिथंच बसून होतो, डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटत होता.